मॅनेजरचं स्टूल

आमच्या मैदानाच्या कडेला नाल्याची जाळी आहे. चुकलेला प्रत्येक चेंडू शेवटी तिथे येऊन अडकतो. किस्स्यांचंही तसंच. कोणी जपून ठेवत नाही, तरी साठतात. माझं घर अंबरनाथ पूर्वेला, या मैदानासमोर, तळमजल्यावर. चौतीस वर्षं लेथ चालवली, आता दाराशी बसतो. त्यामुळे जे अडकतं ते आधी मला दिसतं.

आमचा फुटबॉलचा संघ आहे. रविवारी सकाळी खेळतो. मैदानात दोन्हीकडचे मिळून बावीस जण खेळतात आणि कठड्यावर बसून चाळीस जण शिकवतात. हे चाळीस स्वतःला सपोर्टर म्हणवतात. त्यांना आधार कठड्याचा आहे. संघाला त्यांचा आहे असं मी तरी पाहिलं नाही.

टीव्हीवर परदेशी सामने बघून हल्ली कोचला मॅनेजर म्हणायची पद्धत पडली आहे. पगार नाही, रजा नाही, खुर्चीसुद्धा नाही. एक लोखंडी स्टूल आहे. उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात श्यामलालचं जीन्स शिवायचं वर्कशॉप आहे, तिथल्या मशीनपुढचं स्टूल त्याने संघाला दिलं. ते माझ्या घरी असतं. रविवारी मी नेतो आणि रेषेपाशी ठेवतो.

मॅनेजरला काढायचं असलं की आम्ही तोंडावर बोलत नाही. त्या रविवारी स्टूल नेत नाही. माणूस येतो, रिकामी जागा बघतो, समजतो आणि जातो.

असे पहिले गेले ते गुरव मास्तर. शाळेतले पीटीचे. सहा वर्षं त्यांनी संघ सांभाळला. आले, जागा पाहिली, शिट्टी खिशात घातली, समोरच्या भाजीवाल्याकडून मेथीची जुडी घेतली आणि घरी गेले. तेवढा वेळ अख्खा कठडा पलीकडच्या डोंगराकडे बघत होता.

ते गेल्यावर आमचा भोपी म्हणाला, "बगा, वाद नाय, भांडन नाय. आपन सभ्य मानसं."

*

भोपी म्हणजे संघाचा जुना गोलकीपर. सपोर्टरांचा पुढारी तोच. त्याच्या काळात किती गोल खाल्ले ते तो सांगत नाही. आम्हीही विचारत नाही, कारण मोजणारे बरेचसे वारले.

मास्तरांनंतर बदलापूरहून एक जण आणला. कोचिंगचा कोर्स केलेला. येताना पांढरा फळा आणि रंगीत लोहचुंबकं घेऊन यायचा. एकेक चुंबक म्हणजे एकेक खेळाडू. तो त्यांना असा सरकवायचा की चुंबकंसुद्धा दमत असतील. पहिल्या सामन्यात सहा गोल बसले. तो घाम पुसत म्हणाला की योजना बरोबर होती.

भोपी म्हणाला, "बरोबर. फल्यावर आपन जिकलो."

पुढच्या रविवारी मी स्टूल नेलं नाही. पण हा माणूस शिकलेला. त्याला काही समजलंच नाही! रिकामी जागा बघून त्याला वाटलं, म्हातारा विसरला. त्याच्या पुढच्या रविवारी तो घरून स्वतःची घडीची खुर्ची घेऊन आला. मग दर रविवारी आणू लागला. कठडा डोंगराकडे बघून बघून थकला.

शेवटी श्यामलालने त्याला चहा पाजला आणि फार प्रेमाने विचारलं, "साईं, बदलापूरला मैदान नाही का?"

*

मग बाळा शेलार आला. आमच्याच गल्लीतला. शहाडला एका कारखान्यात ठेकेदाराकडे पॅकिंगला आहे. तिथे त्याला 'ए' म्हणून हाक मारतात. मैदानात पोरं 'सर' म्हणतात. आठवड्यातून एक सकाळ तो सर असतो. ती सकाळ तो कधी चुकवत नाही.

बाळा पाय रोवून उभा राहत नाही. सामनाभर रेषेवरून पळत असतो, चार वर्षांत एकदाही बसला नाही. भोपीचे गुडघे गेलेले आणि कठडा उंच. म्हणून रिकामं पडलेलं स्टूल भोपीने घेतलं. त्यावर बसून तो थर्मासमधला चहा पितो आणि बाळाला शिव्या देतो. चहा संपतो.

*

आमच्यात समीर नावाचा एक जण आहे. तिशीचा. कॉम्प्युटरवर काम करतो आणि एका परदेशी क्लबवर जीव टाकतो. त्या क्लबने त्यांच्या मॅनेजरला काढलं तेव्हा समीर दोन दिवस दाढी न करता हिंडत होता. आईला वाटलं, ऑफिसात काही झालं.

रविवारी तो कठड्यावर बसून सांगू लागला की क्लबचा आत्मा गेला, मालकांना पेशन्स नाही, माणसाला टीम बांधायला वेळ द्यावा लागतो. डोळ्यांत पाणी होतं. त्याच वेळी मैदानात आम्ही एक गोल खाल्ला. समीर तसाच ओल्या डोळ्यांनी ओरडला, "बाळाला हाकला!"

मी विचारलं, "त्या गोऱ्याला किती वेळ द्यायला हवा होता?"

"निदान तीन सीझन, काका."

"आणि बाळाला?"

"हाफटाइमपर्यंत."

*

श्यामलालने एका वर्षी संघाला चड्ड्या दिल्या. वर्कशॉपमध्ये जीन्सचं कापड उरलं होतं, त्याच्याच शिवल्या. जाड, निळ्या, मागे पितळी बटणाचे खिसे. चेंडूमागे पळताना खिसा कशाला लागतो हे मला अजून कळलेलं नाही. सामना भर मेमध्ये होता. पोरांचे गुडघे वर जाईनात. सगळे भात लावायला निघाल्यासारखे चालत होते.

कठड्यावरून सगळ्यात मोठा आवाज श्यामलालचा. पोरं पळत नाहीत, मॅनेजरने पोरांना आळशी केलं, असं तो हिंदीत, सिंधीत आणि मराठीत सांगत होता. तेवढ्यात आमच्या सेंटर फॉरवर्डने जोर लावून पाय उचलला आणि चड्डी पुढून मागेपर्यंत उसवली.

श्यामलालने नीट बघून निकाल दिला, "माल ठीक आहे. पोरगा वाढला."

दोष बाळाच्या नावावर गेला. पुढच्या रविवारी त्याने पोरांना जुन्या चड्ड्या घालायला सांगितल्या, तर तेही सपोर्टरांचा अपमान म्हणून धरलं गेलं.

*

मग नाराजी वाढली. लागोपाठ तीन सामने हरलो होतो. भोपीने ठरवलं, बहिष्कार. पुढच्या रविवारी एकाही सपोर्टरने मैदानात पाऊल ठेवायचं नाही. सगळ्यांनी हात वर केले.

रविवारी सकाळी भोपी आला. कोण कोण बहिष्कार मोडतंय ते बघायला. त्याच कामासाठी समीर आला. श्यामलाल शेअर रिक्षाने आला आणि सोबत वर्कशॉपमधले तिघे घेऊन आला, साक्षीला. दहा मिनिटांत कठडा भरला. जे एरवी येत नाहीत तेही आले. जागा नाही म्हणून काही नाल्याच्या जाळीपाशी उभे राहिले.

वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी बहिष्काराला झाली. पोरांना वाटलं आपल्यासाठीच आलेत. जीव तोडून खेळली आणि जिंकली. त्याचा कठड्याला राग वेगळाच.

*

नंतर फ्लेक्स झाला. भोपीने दुकानदाराला फोनवर मजकूर सांगितला, 'बाळा शेलार हटाव, संघ बचाव'. बाळाचा फोटो पाठवला, खाली स्वतःचा, श्यामलालचा आणि आणखी दोघा सपोर्टरांचा असे चार फोटो टाकायला सांगितले. दुकानदार दिवसाला वीस वाढदिवस छापतो. हाताला सवय. त्याने सोनेरी महिरप टाकली, कोपऱ्यांत फुगे टाकले, बाळाच्या डोक्यावर मुकुट ठेवला आणि खालच्या चौघांच्या फोटोंवर लिहिलं, 'शुभेच्छुक'. घोषणा मात्र तो विसरला नाही. ती खाली बारीक अक्षरांत होती.

फ्लेक्स न बघताच लावला गेला. बाळाच्या आईला वाचता येत नाही. तिने मुलाचा मुकुट बघितला आणि चौघांच्या घरी साखर नेऊन दिली. चौघांनी घेतली.

*

शेवटी एका रविवारी सामना संपल्यावर कठड्यावर बैठक झाली. मलाही बोलावलं, कारण स्टूल माझ्या घरी. सगळ्यांचं एकमत होतं, बाळाने जावं. भोपी स्टुलावरूनच बोलत होता.

"दादा, येत्या रविवारी स्टूल आनू नका."

मी म्हटलं, "नक्की?"

"नक्की."

"पुन्हा एकदा विचार कर, भोपी."

त्याला वाटलं मी बाळाची बाजू घेतोय. म्हणाला, "तुमची माया हाय त्याच्यावर, म्हाईत हाय. पन रीत ती रीत. ज्याचा स्टूल गेला, त्यानं निगायचं. मंग तो कोनीपन असो."

मी म्हटलं, "ठीक."

दुसऱ्यांदा सांगायची मला सवय नाही. चौतीस वर्षांत लेथलाही सांगितलं नाही.

शनिवारी संध्याकाळी बाळा घरी आला. कामावरून थेट, डबा हातात. बसला नाही. त्याने एवढंच विचारलं, "काका, उद्या स्टूल येणार का?"

"नाही."

त्याने डबा दुसऱ्या हातात घेतला. म्हणाला, "पोरांना सातला बोलावलंय. गुरव मास्तरांसारखं गुपचूप नाही जाणार. त्यांना सांगून जाईन."

रविवारी तो साडेसहालाच आला. फक्कीने रेषा मारल्या, नेहमीपेक्षा सरळ. स्टुलाच्या जागेकडे एकदाच बघितलं. मग पोरांना गोल बसवलं आणि समोर उभा राहिला. शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत होता, सोडत होता. कठडा भरलेला. सगळे आधीच डोंगराकडे तोंड करून बसलेले.

तेवढ्यात भोपी आला. इस्त्रीचा शर्ट, काखेत थर्मास. एक पाय ओढत रेषेच्या कडेने सवयीने त्याच्या जागेवर आला आणि बसायला वाकला.

अर्धा वाकलेला तसाच थांबला.

मागे वळून जागा बघितली. मग माझ्याकडे बघितलं. मी गोलच्या नेटची गाठ बांधत होतो. मग त्याने कठड्याकडे बघितलं. कठडा डोंगराकडे बघत होता.

भोपी हळूहळू सरळ झाला. थर्मास काखेत नीट धरला आणि निघाला. रस्त्यापलीकडे भाजीवाल्यापाशी थांबला. मेथीची जुडी घेतली.

बाळाने शिट्टी वाजवली.