मुंबई ते लंडन, दोऱ्याने

मल्लेश्वरमला आमच्या शेजारी सर्व्हे खात्यातले एक निवृत्त नकाशेवाले राहत. कुठलंही विमान किती तासांत पोचेल, हे ते पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून मिनिटासकट सांगत. कुणी ‘सुमारे’ म्हटलं की चिडत. “स्वल्प थांबा, सुमारे म्हणजे किती?”

माझा थोरला मुंबईहून विमानाने लंडनला निघाला, तेव्हा तो उतरेपर्यंत पाणीही घेणार नाही, असं सासूबाईंनी जाहीर केलं. वय पंच्याहत्तर. समजावण्यात मी वेळ घालवला नाही, शेजाऱ्यांनाच बोलावलं. त्यांनी गोल आणला, दोरा ताणला, घड्याळ पाहिलं.

“अक्का, पोचला की तो! आत्ताच उतरला.”

“खरंच, अण्णा?”

“हा दोरा बघा. दोरा कधी खोटं बोलतो का?”

सासूबाईंना इंग्रजी अक्षर येत नव्हतं. मला येत होतं. दोऱ्याचं टोक कैरोवर होतं. मी पानं वाढली. सासूबाई पोटभर जेवल्या.

शेजाऱ्यांनी मात्र आपलं ताट हळूच माझ्याकडे सरकवलं आणि कुजबुजले, “माझं राहू दे, वहिनी. पोरगं अजून अर्ध्या वाटेवर आहे.”