परदेशी भंगारातले पदक

"थांब, आधी त्याला बोलू दे," असे म्हणून मामा हातातल्या सळईने भंगाराचा तुकडा ठोकायचे आणि कान द्यायचे. बंद डबा किंवा नळी भट्टीत गेली, तर फुटते. म्हणून जालन्याच्या आमच्या लोखंड कारखान्यात मामांनी ऐकल्याशिवाय माल पुढे सरकत नसे. ते मूळचे आष्टीचे, कंत्राटी मुकादम; सगळा कारखाना त्यांना मामाच म्हणे. मी तेथेच भांडार विभागात आहे.

परदेशातून आलेल्या मालात एकदा त्यांना पितळेसारखे एक पदक सापडले. माझ्या मुलीने फोनवर त्यावरची अक्षरे लावून पाहिली. जुन्या जर्मन राजवटीत गुणवत्ता आणि दीर्घ सेवेबद्दल ते दिले जात असे.

"राजा कोणता?"

"आता ते राज्यच नाही, मामा."

"मंग देणार कोण? आपणच देऊ."

मला ती गंमत वाटली. आमच्याकडे कायम कामगाराला निरोपाच्या दिवशी कचेरीत शाल-श्रीफळ मिळते. कंत्राटी माणूस मात्र फाटकावर हेल्मेट आणि पास जमा करून निघून जातो. अशी अनेक माणसे तुम्हीही जाताना पाहिली असतील. मामा त्यांच्या छातीवर सेफ्टी पिनेने ते पदक लावू लागले. एक दिवस मिरवायचे, दुसऱ्या दिवशी परत.

"सरळ उभा राह्य ना लेका, जर्मनीचा राजा बघून राह्यला."

"राजाला म्हणा, कंबर तुमच्या भंगारातच गेली."

मामा सर्वांत मोठ्याने हसायचे.

गेल्या वर्षी त्यांची स्वतःची पाळी आली. ते पांढरा शर्ट घालून आले होते. चहा झाला, तरी कोणी हलेना, कारण पदक लावणारे नेहमी तेच. शेवटी त्यांनीच ते खिशातून काढून माझ्यापुढे धरले.

"लावता का, साहेब?"

मी लावले. लावताना त्यांच्या तोंडाकडे पाहणे मला जमले नाही.

ते गेल्यावर सगळ्यांनी ठरवले, की पदक मामांकडेच राहू द्यायचे. सांगण्याचे काम माझ्याकडे आले. पण दुसऱ्या दिवशी सकाळीच ते आष्टीहून पहिल्या गाडीने हजर झाले. पास जमा झालेला, म्हणून पहारेकऱ्याने खाली मान घालून त्यांना फाटकाबाहेरच थांबवले होते.

"मामा, तुम्हीच ठेवा ते. सगळ्यांचं म्हणणं आहे."

"न्हाई, साहेब. पुढच्या महिन्यात आपली झाडूवाली बाई चालली. तिला काय सांगू? राजानं एकच धाडलंय."

फाटकाच्या गजांमधून त्यांनी पदक माझ्या हातात दिले. मी चहाला आत बोलावले.

"पास न्हाई ना," ते सहज म्हणाले, आणि रिक्षाला हात करून निघाले. शर्ट कालचाच होता. खिशावर पिनेची दोन बारीक छिद्रे दिसत होती.