दुबईचे नियम आणि बाबांचं धोतर

परदेशात कसं वागायचं, ते आम्हाला मलकापूरच्या बाजारात एका दुकानाच्या माडीवर शिकवण्यात आलं. शिकवणारा व्हिसा आणि तिकिटं काढून देणारा एजंट होता. काही वर्षं पुण्यात राहून आलेला, आणि ते विसरू न देणारा. समोर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर दुबईला निघालेली आम्ही मंडळी. माझी धाकटी बहीण तिकडे असते. तिचे दिवस भरत आले होते. बाळंतपणासाठी माय निघाली, सोबतीला बाबा, आणि दोघांपैकी कुणीही कधी विमान जवळून पाहिलेलं नव्हतं म्हणून मी, थोरली.

पासपोर्टची मुदत सहा महिने तरी शिल्लक पाहिजे, परतीचं तिकीट जवळ ठेवा, कुणाकडे उतरणार तो पत्ता सांगता आला पाहिजे. इथपर्यंत ठीक होतं. मग गाडी घसरली. मोठ्यानं बोलू नका. "हाव" म्हणू नका, "जी" म्हणा. विमानात ठेचा-भाकर सोडू नका, लोक नाक दाबतात. दोघंतिघं हसले. मला हसू आलं नाही. आणि मग त्यानं बाबांकडे बोट केलं.

"काका, धोतर नाही चालणार. पॅन्ट-शर्ट घाला. तिकडच्या एन्ट्रीचा नियम आहे."

बाबांनी आमच्या गावच्या, रोहिणखेडच्या शिवारात आयुष्यभर वांगी-मिरची पिकवली ती धोतरावर. माझ्या लग्नात ते धोतरातच उभे होते, तालुक्याच्या कचेरीतही धोतरातच जात. ते उठून उभे राहिले आणि शाळकरी पोरासारखं विचारलं, "नियम हाये का?"

"नियम आहे."

बाबा खाली बसले. नियम म्हटला की ते वाद घालत नाहीत. मी दुबईच्या जावयांना, बहिणीच्या नवऱ्याला फोन लावला तर ते म्हणाले, "असं कधी ऐकलं नाही, पण तो सांगतोय तर घालू द्या, उगाच जोखीम कशाला." त्याच दिवशी पॅन्ट घेतली. घरी अंगणात त्यांनी ती घालून पाहिली. मांडी घालून बसता येईना. पट्टा पोटाला काचायचा. माय तोंडाला पदर लावून हसली, पण बाबांचा चेहरा पाहून गप्प झाली.

मुंबईच्या विमानतळावर सामान देऊन आम्ही बसलो होतो. मायनं मांडीवरची पिशवी सोडली नव्हती. तीत डिंकाचे लाडू होते, बाळंतिणीसाठी तिनं स्वतः वळलेले. शेजारी दुबईत नोकरी करणारी एक बाई बसली होती. मायनं सवयीनं तिच्यापुढे लाडू धरला. बाईनं तो हातात फिरवून पाहिला आणि दचकली.

"मावशी, यात खसखस आहे?"

"हाव. खसखशीबिगर डिंकाचा लाडू होते का?"

"तिकडे खसखस अफूत धरतात. सापडली तर पोलीस नेतात. हे नेऊ नका."

मायला आधी ते खरंच वाटेना. मलाही वाटेना. मग माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या माडीवर आम्हाला "हाव" म्हणू नका हे सांगायला त्याच्याकडे वेळ होता, ठेच्याच्या वासावर बोलायला वेळ होता. बाळंतपणाला निघालेली बाई सोबत काय नेते, हे त्याला माहीत नव्हतं? त्याच्या घरी लाडू वळत नव्हते?

मी पिशवी कचऱ्याच्या डब्याकडे नेऊ लागले तर मायनं हात धरला. "अन्न फेकू नको बाई." मग ती लादी पुसणाऱ्या बायांकडे गेली, ट्रॉल्या ढकलणाऱ्या माणसांकडे गेली, आणि एकेकाच्या हातावर लाडू ठेवत राहिली. परत आली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. "पोरीसाठी केले होते वं," एवढंच म्हणाली.

दुबईला पासपोर्ट तपासायच्या काचेमागे जो अधिकारी बसला होता, त्यानं घोट्यापर्यंत लांब पांढराशुभ्र झगा घातला होता. शेजारचाही तसाच. बाबा पाहत राहिले. शिक्का बसला, आम्ही पुढे आलो, तेव्हा ते हळूच म्हणाले, "बाई, याइचे कपडे त माह्या धोतराहून ढगळे हायेत. मंग मले काऊन पॅन्ट घालाले लावली?"

एजंटनं त्यांना चारचौघांत लाजवलं होतं, आणि नियमाचं नाव पुढे करून लाजवलं होतं. बहिणीच्या घरी मायनं सामानात बांधून आणलेलं धोतर नेसून ते रोज खाली बागेत फिरायला जात. कुणी अडवलं नाही. एकानं तर थांबून सलाम केला.

बहिणीला मुलगी झाली. माय तिच्यापाशी थांबली. बाबांना घेऊन मी परत आले, आणि दुसऱ्याच दिवशी माडीवर जाऊन विचारलं, धोतराचा नियम कुठं लिहिलाय.

एजंट हसला. "ताई, नियम म्हणजे सल्ला होता हो. ग्रुपमध्ये बरं दिसतं का?"

"अन् खसखस?"

"ते नेटवर असतं. ज्यानं त्यानं पाहायचं."

"धोतराचं नेटवर होतं का?"

तो कागद चाळू लागला. मी विचारलं, पुढची बैठक कधी? त्यानं सांगितलं नाही, पण खालच्या दुकानदारानं सांगितलं. त्या दिवशी मी मागच्या खुर्चीवर जाऊन बसले. तो कपड्यांवर आला तशी मी उठले आणि जे झालं ते सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, ही खाजगी बैठक आहे, तुम्ही बाहेर जा."

मी हलले नाही. बोलणं पुरं केलं. एका बाईनं विचारलं, "गरम मसाल्यात खसखस असते, तो नेऊ का?" मी म्हटलं, "नको." तिनं शेजारणीलाही सांगितलं. एजंट खिडकीशी जाऊन पाठमोरा उभा राहिला होता.

घरी बाबा म्हणाले, "सोड ना आता, झालं ते झालं."

मी सोडलेलं नाही. पुढची बैठक कधी, ते खालच्या दुकानदाराला मी अजूनही विचारते.