उपदेशानंतरचे रविवार

प्रकाश, मी पुण्याला निघाले त्या सकाळी तू एसटीच्या टपावर माझी ट्रंक चढवत होतास आणि आपले बाबा खाली उभे राहून प्रार्थना करत होते. कंडक्टरही टोपी काढून थांबला होता. आमेन झाल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "ईश्वरविज्ञान शीक बाई, पण माणसांपासून लांब जाऊ नकोस."

गावात मी चर्चच्या पाळकांची लेक. कुणाच्याही दारात गेले की चहा ठेवलाच जायचा. पुण्यात शिकले, त्याच कॉलेजात शिकवायला लागले, हडपसरला फ्लॅट घेतला. शेजारी आयटीतली मुलं राहतात. लिफ्टमध्ये "हाय आंटी" म्हणतात, मग पुन्हा मोबाइलमध्ये बघतात.

इथल्या चर्चमध्ये मला उपदेश करू देत असत. तो का थांबला, हे तुला फोनवर कधी धड सांगितलं नाही. आमच्या चर्चच्या मंडळीतला शांतवन एका सोसायटीचं ड्रेनेज साफ करायला उतरला आणि आतल्या गॅसने गेला. 'तो स्वतःहून उतरला' असा कागद सोसायटीने त्याच्या बायकोकडे, मार्थाकडे, सहीला पाठवला. ती सही न करता सोसायटीच्या गेटसमोर जाऊन बसली. मीही तिच्याशेजारी बसले. त्या सोसायटीचे चेअरमन आमच्याच चर्चच्या कमिटीवर होते.

रविवारी मी पुलपिटवरून शांतवनचं नाव घेतलं. तो उतरला नाही, त्याला उतरवलं, असं म्हणाले. देवाने तारणं काय फक्त मेल्यानंतरचं असतं, असंही विचारलं. उपासना संपल्यावर चेअरमन शांतपणे म्हणाले, "बाई, उपदेश उत्तम झाला. आता आपण विश्रांती घ्या."

त्या विश्रांतीला चार वर्षं झाली.

पोलिसांनी शेवटी गुन्हा नोंदवला. मार्था मुलींना घेऊन सोलापूरला भावाकडे गेली, आणि मी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर एकटी उरले. लोक सलाम करतात आणि पुढे जाऊन बसतात. आपल्याच माणसांत असं बसणं फार जड जातं रे. दुसरं चर्च शोधावं असं ठरवत होते, तेवढ्यात बाबांचा फोन आला. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

"खरं बोललीस ना?"

"हो."

"मग जागा सोडू नकोस. दर रविवारी दिसत राहा त्यांना."

पुढच्या वर्षी बाबा गेले. पाळकांचं घर मंडळीच्या मालकीचं, ते नव्या पाळकांना मिळालं. तू नगरला भाड्याच्या खोलीत गेलास. गावी जायचं तर आता उतरायचं कुणाकडे, हा प्रश्न मी तुलाही विचारला नाही.

गेल्या रविवारी कंपनीत झाडूकाम करणारी एक नवी बाई आली. पुढे भरपूर जागा होती, तरी माझ्याच बाकाशी थांबली. "बसू का हितं?" मी सरकले. जरा वेळाने तिने विचारलं, "बाई, तुमचं घर कुठं?"

"हडपसरला," मी म्हणाले.

आजवर या प्रश्नाला मी गावाचंच नाव सांगत आले होते.