पानाच्या तळाची ओळ

आमच्या घरी पत्रक आलं की ते आधी तळापासून वाचलं जायचं. वर काय लिहिलंय ते नंतर. बाबा शाळेत शिकवायचे आणि उरलेल्या वेळात पत्रकं काढायचे: नळाला न येणाऱ्या पाण्यावर, बंद केलेल्या एसटीच्या फेऱ्यांवर, अंगात आणणाऱ्या बुवांवर. प्रत्येक पत्रकाच्या तळाशी बारीक टायपात काढणाऱ्याचं आणि छापणाऱ्याचं पूर्ण नाव असे. दुसऱ्या कुणाच्या पत्रकाला ती ओळ नसली की बाबा ते आईकडे द्यायचे, "घे, बंब पेटवायला." सहाव्या वर्षापासून मी त्या पत्रकांच्या घड्या घालत होते. बोलायचं तर नाव लावून बोला, एवढंच धर्मशिक्षण मला मिळालं आणि ते मला पुरलं.

म्हणून २००१ साली आम्ही तिघांनी वेबसाइट बनवायचा जोडधंदा काढला, तेव्हा धंद्याचं नाव ठरायच्या आधी तळाची ओळ ठरली. 'ही पानं बनवणारे' आणि पुढे तिघांची पूर्ण नावं, आडनावांसकट. मी एका डीटीपीच्या दुकानात लग्नपत्रिका जुळवायचे. मैत्रीण मारुती मंदिरजवळच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. रविवारी क्लास बंद, किल्ली तिच्याकडे. मित्र मंडणगडकडचा, इथे एका पतपेढीत कारकून. मजकूर मी लिहायचे, रंग आणि मांडणी मैत्रिणीची. पण पान उभं करायचा तो. एका जुन्या पुस्तकावरून सगळं स्वतः शिकलेला.

गिऱ्हाईक पटवणं कठीण होतं. एका दुकानदाराने विचारलं, "वेबसाइट दिसणार कुठे?"

"कॉम्प्युटरवर."

"मग कॉम्प्युटर पण तुम्हीच देणार ना?"

शेवटी एक मोठं काम आलं. समुद्राकडेला आंब्याची बाग असलेले एक काका. घराच्या मागच्या चार खोल्या त्यांना पर्यटकांसाठी सुरू करायच्या होत्या. माणूस मोकळा, हौशी. फोटो काढायला आम्ही गेलो तर ओटीवर बसवून सोलकढी दिली, जेवल्याशिवाय सोडलं नाही. मित्राला विचारलं, "तुम्ही कुठचे?"

"मंडणगडकडचा."

"वा! अस्सल माणूस. मुंबैला नाही पळालात, बरं केलंत." आणि त्याला आत माजघरात नेलं, देवघर दाखवलं. "याचा फोटो पहिल्या पानावर हवा हो. आमची परंपरा दिसली पाहिजे." मित्राने गुडघ्यावर बसून तीन फोटो काढले.

महिनाभर आम्ही राबलो. काकांना पानं मराठीत हवी होती, आम्हालाही. पण मराठी फॉन्ट दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर नसला की सगळी अक्षरं भुतासारखी वेडीवाकडी दिसायची. म्हणून मित्राने मराठी मजकुराच्या ओळी चित्रं करून पानात बसवल्या. तळाची आमच्या नावांची ओळसुद्धा एक चित्रच होती.

काका पानं बघायला आले ते आंब्याची पेटी घेऊन. पडद्यावर स्वतःची बाग बघून हरखले. देवघराच्या फोटोला त्यांनी नकळत हात जोडले. मग पान खाली सरकत सरकत तळाशी गेलं आणि काका पुढे वाकले. चष्मा वर केला. तिसरं नाव पुन्हा वाचलं. मित्राकडे बघितलं, परत पडद्याकडे बघितलं.

"छान झालंय," ते म्हणाले. मग तळाच्या ओळीवर बोट ठेवून, "खाली एवढी लांबण कशाला? नुसती पहिली नावं ठेवा की. सुटसुटीत दिसेल."

मी म्हटलं, "आम्ही पूर्ण नावं लावतो, काका."

"तुझं राहू दे गो. तुझं काय, हिचं काय, चांगलीच आहेत. मी काय म्हणतो..." त्यांनी वाक्य तिथेच सोडलं. मित्र समोरच बसला होता. त्याच्याकडे न बघता ते म्हणाले, "माझं स्वतःचं काही नाही हो. पण घरात म्हातारी माणसं आहेत. येणारे पाहुणेही आमच्यापैकीच. चार लोक विचारणार. पुढच्या रविवारी येतो, तेवढं करून ठेवा."

ते गेले. पेटी टेबलावरच राहिली.

त्या आठवड्यात मला दुसरं काही सुचलं नाही. दुकानात लग्नपत्रिका जुळवता जुळवता मी एक पत्रक लिहिलं. आडनावावरून माणूस तोलणाऱ्यांवर. ज्यांना देवघराचा फोटो चालतो पण तो काढणारे हात चालत नाहीत, त्यांच्यावर. एकही शब्द मऊ नव्हता, आणि आजही त्यातला एकही शब्द मी मागे घेणार नाही. गुरुवारी पतपेढी सुटल्यावर मी मित्राला बाहेर गाठलं आणि ते वाचून दाखवलं.

तो सायकलला टेकून शेवटपर्यंत ऐकत राहिला. म्हणाला, "चांगलं आहे. यात माझं नाव आहे का?"

"तू म्हणशील तसं."

"घातलंस तर उद्यापासून पतपेढीत मी 'तो पत्रकातला'. पासबुक भरायला येणारा प्रत्येक माणूस आधी माझ्या तोंडाकडे बघणार. नाही घातलंस, तर काका सांगतायत तेच तू केलंस. माझं नाव काढलंस."

मी कागदाची घडी घातली आणि चिडून म्हटलं, "मग गप्प बसायचं का?"

"कोण म्हणतंय? पण आडनाव माझं आहे. त्यावरून भांडायचं की नाही, कधी, कुणाशी, ते मी ठरवणार. तुला भांडायची हौस आहे. मला शाळेपासून सक्ती आहे. सुट्टी मिळाली तर घेतो मी कधी कधी."

"आणि रविवारी?"

"रविवारचं रविवारी."

पत्रक मी छापलं नाही. फाडलंही नाही. त्याच्या नावावर माझा हक्क नाही, हे मला तेव्हा पटलं, आणि इथेही मी कुणाचं नाव घेतलेलं नाही ते त्याचमुळे. काकांची गय म्हणून नव्हे.

रविवारी मैत्रिणीला धास्ती होती. काम मोठं होतं. ते हातचं गेलं असतं तर बाकीचे बागायतदारही आले नसते, कारण इकडे एकाचं बघून दुसरा करतो. ती मला जिन्यातच म्हणाली, "तू मध्ये बोलू नकोस. आज तरी."

काका आले. पान उघडलं, खाली गेलं. ओळ जशीच्या तशी होती.

"हे तसंच की!"

मित्र खुर्चीत सरळ बसला. आवाज चढवला नाही. "काका, ती ओळ म्हणजे चित्र आहे. त्यातलं एक आडनाव पुसता येत नाही. काढायचं तर तिन्ही काढून नवीन चित्र करावं लागतं."

"मग करा की."

"करता येतं. पण एक विचारतो. वर तुमच्या देवघराचा फोटो आहे. तो मी काढलाय. त्याचं काय करायचं? तो ठेवणार आहात ना?"

काका फोटोकडे बघत राहिले. मग ते हलक्या आवाजात म्हणाले, "तुम्ही त्या दिवशी सांगायला हवं होतंत."

"तुम्ही गाव विचारलंत. गाव सांगितलं. काम कुणी केलं ते तळाशी लिहिलंय. नाव नको असेल तर पानंही नकोत."

काका उठले. "मुंबैला करणारे पुष्कळ आहेत," एवढंच म्हणाले. मित्राने टेबलावरची आंब्याची पेटी उचलली. सात दिवसांत आम्ही तिघांनीही तिला हात लावला नव्हता. आंबे पिकून क्लासभर घमघमाट सुटला होता. त्याने ती जिना उतरून काकांच्या गाडीत, मागच्या सीटवर नीट ठेवली. दार लावून दिलं. "सावकाश जा," म्हणाला. आणि वर आला.

मैत्रीण रडवेली झाली होती. माझ्या अंगात मात्र काय संचारलं होतं सांगू? मी म्हटलं, "आता पुढच्या प्रत्येक पानावर तुझं नाव पहिलं. सगळ्यात वर. ठळक. बघू दे सगळ्यांना."

तो काकांच्या बागेचे फोटो एकेक करून पानातून काढत होता. मान वर न करता म्हणाला, "नाही."

"का? घाबरलास?"

"आपण नावं अक्षरांच्या क्रमाने लावली. मी तिसरा येतो. तिसराच राहणार." देवघराचा फोटो त्याने सगळ्यात शेवटी काढला. "त्यांना मी खाली नको होतो, तुला मी वर हवाय. मला माझ्या अक्षराच्या जागी राहायचंय. तेवढं जमेल का तुम्हा सगळ्यांना?"

मैत्रीण रडता रडता हसली. मी त्याच्या शेजारी खुर्ची ओढली आणि आम्ही त्या रिकाम्या चौकटींत पुढचं कुणाचं काम बसेल याची यादी करायला घेतली.