ईसा म्हणजे काय

मी लातूरच्या एका शाळेत मराठी शिकवते. माहेर भोकरचं. सुट्टीत तिकडं गेले की विहारात सुत्त, म्हणजे बुद्धाचा उपदेश, वाचायला मलाच बसवायचे, कारण नांदेडला कॉलेजात असताना मी पाली शिकलेले. एका पौर्णिमेला छापील भाषांतराची दोन पानं वाचून मी थांबले, तर आत्या म्हणाली, "आवाज लई चांगला हाय तुझा. पर सांगितलंस काय?"

आत्यानं उभा जन्म दुसऱ्यांच्या रानात काम केलेलं. तिला कळू नये असं त्या सुत्तात काहीच नव्हतं. भाषांतरच आडवं आलं होतं.

त्याच उन्हाळ्यात मी सुत्तांची वेबसाइट सुरू केली. वर पाली, खाली आमच्या बोलीतलं मराठी, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी माझा आवाज. कुणाच्याही मोबाइलवर उघडेल अशी.

वर्षभरानं लातूरच्या एका कार्यक्रमात पालीचे एक निवृत्त प्राध्यापक मंचावरून सगळ्यांदेखत मला म्हणाले, "बुद्धवचन म्हणजे बाजारातल्या गप्पा नव्हेत. 'हाय', 'न्हाई' हे काय लावलंय? ते सगळं काढून टाका, बाई."

मी उठले. "सर, बुद्ध लोकांच्याच बोलीत बोलले. मी काढणार नाही."

"मग निदान बरोबर तरी लिहा. शेतकऱ्याच्या सुत्तात तुम्ही 'ईसा' म्हणजे जू असं लिहिलंय. जू म्हणजे 'युग'. ईसा वेगळी."

सभागृह हसलं. चूक माझीच होती. तरी मी विचारलं, "मग ईसाला मराठीत काय लिहू?"

"ईषादंड."

"हे मराठी आहे, सर?"

सूत्रसंचालकानं घाईघाईनं पुढचं नाव पुकारलं.

रविवारी मी भोकरला गेले. आत्याला विचारलं, "नांगरापासून जुवापर्यंत जाती ती लांब दांडी, तिला काय म्हणतेत?"

"हाळीस. एवढी मास्तरीण झालीस अन् हाळीस म्हाईत न्हाई?"

तिथंच ओट्यावर बसून मी मोबाइलवर शब्द बदलला. खाली लिहिलं की आधीचा अर्थ चुकीचा होता. चूक एका प्राध्यापकांनी दाखवली, शब्द माझ्या आत्यानं दिला.

प्राध्यापकांची नंतर दोन पत्रं आली. दोन्हींत आणखी चुका काढलेल्या, आणि शेवटी तीच मागणी, बोली काढून टाकण्याची. चुका खऱ्या होत्या. त्या सुधारल्या, आभाराचं पत्र धाडलं. मागणीबद्दल एक ओळही लिहिली नाही. बोलीतला एक शब्दही काढला नाही.

आता नवं सुत्त आधी आत्याला फोनवर वाचून दाखवते. मध्येच ती म्हणते, "थांब, हे न्हाई कळलं." मग मी पुन्हा लिहिते. ते कुणा पंडिताला खटकलं, तर खटकू दे.