डाव्या अंगाचा सेल्फ

उदगीरच्या शिवलिंगअप्पांनी भल्याभल्यांना नम्रता शिकवली, असं परवा त्यांच्या शोकसभेत आमच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष म्हणाले. खरं आहे. त्यासाठी अप्पा एक मोठा पाना वापरत.

अप्पा माझे शेजारी. स्वतःच्या ट्रकानं डाळीची वाहतूक करायचे. महिन्यापूर्वी त्यांच्या मुलीचा फोन आला, "काका, अप्पा गेले… झोपेतच," तेव्हा मला आधी तो जुना ट्रकच आठवला. बाकीच्या ट्रकांचा स्टार्टर, म्हणजे ड्रायव्हर मंडळींचा 'सेल्फ', इंजिनाच्या बुडाशी असतो. त्याला गाठायला गाडीखाली झोपावं लागतं. अप्पांच्या ट्रकाचा मात्र, का कुणास ठाऊक, वर डाव्या अंगाला होता. शेजारच्या सीटवर बसलेल्याच्या पायाखालचा पत्रा सरकवला की थेट दिसायचा. तो अडकतो, असं अप्पा सांगत. म्हणून त्यांनी चावी फिरवली की शेजारच्यानं वाकून पान्यानं दोन ठोके घालायचे. तलाठी, कीर्तनकार, एकदा तर मुंडावळ्या बांधलेला नवरदेव… सगळे वाकले.

सहा वर्षांपूर्वी मुखेडच्या रस्त्यावर अध्यक्षांची गाडी बंद पडली. मी सोबत होतो. मला नोकरीत कायम करण्याचा कागद त्यांच्या खिशात होता, सहीविना. मुखेडचा सत्कार आटोपला की बघू, म्हणाले होते. तेवढ्यात मागून अप्पा आले. अध्यक्ष कडक इस्त्रीत त्या सीटवर बसले, मी मधे इंजिनाच्या झाकणावर.

"सायेब, पाय उचला. ठोकावं लागते," अप्पा म्हणाले.

"मी ठोकू?"

"त्या सीटवर बसला त्यानं ठोकायचं. दुसऱ्याचा हात चालत न्हाई त्याला."

"अप्पा, माझी नोकरी…" मी कानाशी पुटपुटलो.

"गप बसा, सर. लई बोलायलात तुम्ही."

अध्यक्ष वाकले. टोपी पडली. दोन ठोके… आणि इंजिन गरजलं. वर आले ते नाकाला काळं लावून, खुशीत. "चालू झाली की! माझ्या ठोक्यानं!" पुढे चहाच्या निमित्तानं त्यांनी दोनदा ट्रक थांबवला आणि दोन्ही वेळा इंजिन बंद करायला लावलं. सही ट्रकातच झाली. तिच्याशेजारी ऑइलचं बोट उमटलंय.

आता तो पाना अध्यक्षांनी अप्पांच्या मुलीकडून मागून घेतलाय. संस्थेच्या काचेच्या कपाटात, ढालींच्या मधोमध त्याची जागा. परवा त्याला हार घालताना त्यांचे डोळे भरून आले. माझ्या शेजारी अप्पांचा ट्रक दुरुस्त करणारे हुसेन मिस्त्री उभे होते. मी हळूच विचारलं, "अप्पांनी तो सेल्फ कधी बदलला का नाही हो?"

"बदलला की, सर. सायेब बसले त्याच्या आदल्या पोळ्यालाच मी नवा टाकला. चावी फिरवली की गाडी चालू व्हायची."